फुप्फुसाचें माप

सन २०२१ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील घराघरांतून दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारला जाई: "स्कोअर किती आला?" हा आंकडा परीक्षेचा नव्हता, क्रिकेटचाही नव्हता. करोनाच्या विषाणूनें फुप्फुसाचा किती भाग व्यापला, हें सीटी स्कॅनच्या चित्रावरून सांगणारे ते २५ पैकीं गुण होते. एका आंकड्यानें घर निर्धास्त होई, दुसऱ्यानें धाबें दणाणे. रोग्याला धाप किती लागते, हें विचारण्याचेंही कित्येकांस भान राहत नसे.

फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यांत दडलेलें. जिवंतपणीं तें उघडून पाहणें अशक्य, म्हणून वैद्यांनीं प्रथम कानाचा आश्रय केला. व्हिएन्ना येथील औएनब्रुगर यांनीं १७६१ सालीं छातीवर बोटांनीं ठोकून आंतील हवा व द्रव ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. ते एका खाणावळवाल्याचे चिरंजीव. दारू कोठवर आहे हें पिंपावर ठोकून पाहण्याच्या रीतीवरून त्यांना ही युक्ति सुचली, असें सांगतात. १८१६ सालीं पॅरिसच्या लाएनेक यांनीं कागदाची सुरळी छातीस लावली, आणि त्यांतून स्टेथॉस्कोप जन्मास आला. १८९५ सालीं राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले व कानाच्या जोडीस डोळा मिळाला. परंतु क्ष-किरणांचें चित्र म्हणजे अखेर सावलीच. हृदय, बरगड्या व फुप्फुस यांच्या सावल्या एकमेकींवर पडतात, आणि विषाणुजन्य न्यूमोनियाचा आरंभींचा फिकट डाग त्यांत सहज हरवतो.

ही अडचण दूर केली गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरानें. विद्यापीठाची पदवी नसलेला हा गृहस्थ ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनींत नोकरीस होता. निरनिराळ्या कोनांतून किरण सोडावे, किती पलीकडे पोंचले याचें गणित संगणकाकडून करवावें, आणि शरीराचा एकेक काप डोळ्यांपुढें मांडावा, ही त्याची कल्पना. प्रयोगशाळेंतील पहिल्या प्रयोगांत नुसतें मोजमाप घेण्यासच ९ दिवस लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र निघालें. या गणिताचा पाया ॲलन कॉर्मॅक यांनीं आधींच स्वतंत्रपणें घातला होता. १९७९ चें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें.

त्या चित्रांतील प्रत्येक ठिपका मुळांत एक आंकडा असतो. पाण्यास शून्य व हवेस उणें १०००, अशी ही हाउन्सफील्ड यांच्या नांवाची मोजपट्टी आहे. निरोगी फुप्फुस बहुतांशीं हवाच, म्हणून त्याचा आंकडा उणें ८०० च्या आसपास राहतो. सूज येऊन वायुकोशांत द्रव झिरपला कीं तो शून्याकडे चढूं लागतो, आणि काळ्या फुप्फुसावर घासलेल्या कांचेसारखी धूसर छटा दिसते. मौज अशी कीं रोग्यानें पुरता श्वास भरून धरला नाहीं तरीही आंकडा चढतो. आणि धाप लागलेल्या माणसास श्वास धरून ठेवावयास सांगणें सोपें नसतें!

उजव्या फुप्फुसाचे ३ व डाव्याचे २ असे ५ खंड. प्रत्येकास व्याप्तीप्रमाणें शून्य ते ५ गुण, मिळून २५. पाऊण हिश्श्यापलीकडे खंड व्यापला असेल तर पुरते ५. ठिपके मोजून टक्केवारी देणारे संगणकाचे कार्यक्रमही होते. पण पुष्कळदां हा हिशेब तज्ज्ञाच्या नजरेनेंच होई. दुसऱ्या एका पद्धतींत २० भाग धरून ४० गुण ठेवलेले. तेव्हां नुसतें "बारा" म्हटल्यानें काय कळावें? शिवाय पहिल्या एकदोन दिवसांत चित्र स्वच्छ येऊं शकतें, तर दहाव्या दिवसाच्या सुमारास बहुधा तें सर्वांत वाईट दिसतें. किती भाग व्यापला, एवढेंच तो आंकडा सांगे. उरलेला भाग रक्ताला प्राणवायु पुरवतो कीं नाहीं, हें बोटाच्या टोकाला लावलेल्या लहानशा ऑक्सिमीटरवरच पाहावें लागे.

सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें या तपासणीस यंत्राप्रमाणें २००० ते ३००० रुपयांची मर्यादा घातली, यावरून मागणीची कल्पना येते. मे २०२१ मध्यें दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीं सौम्य आजारांत स्कॅन काढूं नका, एक स्कॅन म्हणजे छातीचीं ३०० ते ४०० क्ष-किरण चित्रें, असें बजावलें. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेनें लागलीच उत्तर दिलें कीं आधुनिक यंत्रांत हें प्रमाण ५ ते १० चित्रांपलीकडे जात नाहीं. वाद वर्तमानपत्रांतून रंगला, आणि तपासणी-केंद्रांबाहेर लोक पहांटेपासून रांगेंत उभे होते.