अर्धी ओळ वर

पुण्यात प्रबंध टंकून देणाऱ्या आम्हा बायकांचे एक अलिखित दरपत्रक असे. साध्या पानाचा एक भाव, तक्त्याच्या पानाचा त्याहून चढा. गणिताचे पान असेल तर आधी ते बघायला मागायचे आणि मगच तोंड उघडायचे. मुलांना वाटे ताई अडवून पैसे घेतात. पण ही रीत आमची नव्हे. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळापासून गणिताला चढा दर आहे. इंग्रजी छापखान्यांत अशा मजकुराला ‘पेनल्टी कॉपी’च म्हणत. डोनाल्ड क्नूथ यांनी पुढे ‘टेक्’ ही जुळणीची प्रणाली लिहिली, तेव्हा सूत्राच्या दोन्ही बाजूंना खूण म्हणून त्यांनी डॉलरचे चिन्ह निवडले. कारण त्यांनीच सांगून ठेवले आहे: गणिताची जुळणी परंपरेने महाग.

माझे यंत्र गोदरेजचे. ही कंपनी 1955 पासून भारतात टाइपरायटर बनवू लागली. माझ्याकडे आले ते दुसऱ्याने वापरून सोडलेले. त्यावर ग्रीक अक्षर एकही नव्हते. थीटा हवा असेल तर शून्य मारायचे, बॅकस्पेस घ्यायचा आणि त्याच्या पोटातून आडवी रेघ काढायची. फाय म्हणजे ओ वर तिरपी रेघ. ‘समान नाही’ म्हणजे = वर /. घातांकासाठी रोलर अर्धी ओळ फिरवायचा, बारीक नेमाने अंक मारायचा आणि रोलर जागेवर आणायचा. मूळ प्रत एक वेळ नीट येई, पण खाली कार्बन लावलेले असत. तिसऱ्या-चौथ्या प्रतीत कागद केसभर सरके आणि घातांक शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. संकलनाचे चिन्ह, मोठा सिग्मा, वर्गमूळ यांना मी जागा सोडत असे आणि विद्यार्थी काळ्या शाईने ती भरत असे, प्रत्येक प्रतीत वेगळी. सोडलेल्या जागेत सिग्मा मावला नाही, तर ते पान पुन्हा.

आयबीएमचे सिलेक्ट्रिक यंत्र 1961 मध्येच आले होते. त्यात दांड्यांऐवजी 88 अक्षरांचा गोळा. इंग्रजीचा गोळा काढून ग्रीकचा बसवला की काम झाले. मी ते एका संशोधन संस्थेच्या कचेरीत पाहिले. तिथल्या टंकलेखिका ग्रीकचा गोळा कुलपात ठेवत. त्या कुलपाचा मला आजही हेवा वाटतो.

खरी अडचण मात्र चिन्हांची नव्हती. हस्तलिखित वाचता येत नसे, तेव्हा सर मागे उभे राहून सांगत: ‘ए प्लस बी अपॉन सी, होल रूट.’ आता अपॉनची रेघ फक्त बीखाली ओढायची की ए प्लस बी या सगळ्याखाली? आणि ‘होल’ सुरू कुठून होतो? सरांच्या डोळ्यांपुढे सूत्र असे, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडतच नसे. ‘सर, रेघ कुठून कुठपर्यंत?’ हे वाक्य मी इतके वापरले की मुले माझी नक्कल करू लागली. रेघ कुठे संपते, मुळाचे छप्पर किती लांब, कुठला अंक घातांकात आणि कुठला पुन्हा जमिनीवर, यातच सगळे गणित टंकणे आले. पुढे जी जी साधने निघाली, त्यांना मी या एकाच प्रश्नावर तोलते.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ब्रायन कर्निहान आणि लॉरिंडा चेरी यांनी ‘ईक्यूएन’ नावाची भाषा बनवली. तिच्यावरचा त्यांचा लेख 1975 चा. ती बनवताना त्यांच्या डोळ्यांपुढे प्राध्यापक नव्हते, माझ्यासारख्या बायका होत्या: जिला गणितही येत नाही आणि मुद्रणही येत नाही, अशा टंकलेखिकेला ही भाषा चटकन शिकता यावी, हा त्यांचा हेतू. सूत्र तोंडाने जसे वाचतात, जवळपास तसेच टंकायचे: ‘एक्स सप 2’ म्हणजे एक्सचा वर्ग, मधे ‘ओव्हर’ टंकले की भागाकाराची रेघ. आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर? मोकळी जागा. ‘ए+बी’ सलग टंकून पुढे ‘ओव्हर’ लिहिले, तर रेघ दोघांखालून जाते. मधे जागा सोडली, तर एकट्या बीखालून. त्याहून लांबचा मामला असेल तर महिरपी कंस. हे मी फार उशिरा वाचले आणि आम्हाला कोणी विचारात घेतले होते याचे नवल वाटले.

क्नूथ यांची गोष्ट गणितवाले भक्तिभावाने सांगतात, म्हणून मी थोडक्यात आटोपते. त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघणार होती. 1977 मध्ये तिची मुद्रिते आली. जुनी शिशाची मोनोटाइप जुळणी जाऊन फोटोची आली होती, आणि ती त्यांना बघवेना. त्यांनी स्वतःच टेक् लिहायला घेतले, तेही स्वतःसाठी आणि आपल्या सेक्रेटरीसाठी. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक् रचले. गणिताच्या विभागांतली मुले ते शिकली आणि माझी गिऱ्हाइके कमी झाली.

उरली ती रसायन, अर्थशास्त्र, अभियांत्रिकीची. ही मंडळी वर्डवाली. वर्डमधला इक्वेशन एडिटर मूळ मायक्रोसॉफ्टचा नव्हेच. तो कॅलिफोर्नियातल्या डिझाइन सायन्स या कंपनीचा, तिच्याच मॅथटाइपचा धाकटा भाऊ. 1991 च्या वर्ड 2.0 बरोबर तो आला. इन्सर्ट, ऑब्जेक्ट, इक्वेशन असे करत गेले की तुटक कडांची चौकट उघडे. अपूर्णांक मागितला की रेघेच्या वर एक रिकामा चौकोन, खाली एक. रेघ कुठपर्यंत हे विचारायची गरजच संपली. चौकोनात जेवढे घालाल तेवढी रेघ आपोआप लांबे. कंट्रोल-एफ अपूर्णांक, कंट्रोल-एच घातांक, कंट्रोल-एल खालचा अंक, कंट्रोल-आर मूळ: माझ्या बोटांना हे अजून पाठ आहे.

छळही होता. स्पेसबार दाबला तर काही होत नसे, कारण गणितातल्या जागा यंत्र स्वतः ठरवी. ओळीच्या मधे सूत्र घातले की ती ओळ फुगून परिच्छेदाचे अंतर बिघडे. प्रत्येक सूत्र वेगळी वस्तू म्हणून फाइलीत बसे. प्रबंध मोठा आणि संगणकाची मेमरी कमी असली, की सूत्रांच्या जागी लाल फुल्या दिसत. सादर करायच्या आदल्या रात्री लाल फुल्या पाहून रडलेली मुले मी पाहिली आहेत.

वर्ड 2007 ने हे सगळे बदलले. त्यामागे मरे सार्जंट होते, मूळचे लेसरचे भौतिकशास्त्रज्ञ. आता ऑल्ट आणि = दाबायचे, सरळ ओळीत टंकत जायचे, स्पेस दिली की सूत्र उभे राहते. ‘ए/(बी+सी)’ टंकून स्पेस मारली, की कंस गळून पडतात आणि त्यांच्या जागी रेघ येते. ते पहिल्यांदा झाले तेव्हा मी मोठ्याने हसले. सरांनी ‘अपॉन, ब्रॅकेटमध्ये बी प्लस सी’ असे सांगितले असते तर माझे निम्मे आयुष्य वाचले असते! गंमत अशी की हे चांगले साधन आले आणि ‘सायन्स’ व ‘नेचर’ या नियतकालिकांनी सुरुवातीला वर्ड 2007 च्या फाइली घ्यायलाच नकार दिला. नवी सूत्रे त्यांच्या छपाईच्या व्यवस्थेत चालेनात. मुले जुन्या एडिटरकडे परत आली.

म्हणून तो जुना एडिटर पुढे दहा वर्षे प्रत्येक संगणकात पडून राहिला, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये बातमी आली. एम्बेडी या कंपनीच्या संशोधकांना त्यात भोक सापडले होते. ती प्रोग्रॅमची फाइल 2000 सालच्या नोव्हेंबरात तयार झालेली, तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. दोष असा की सूत्रासोबत येणारे फाँटचे नाव किती लांब आहे हे न मोजताच तो ते ठरावीक जागेत ओती. नाव मुद्दाम लांबवले की जास्तीची अक्षरे बाहेर सांडत, आणि त्या अक्षरांच्या वेशात घुसखोराची आज्ञा चालू होई. ज्याने मला रेघांची हद्द आपोआप सांभाळून दिली, त्याने स्वतःच्या जागेची हद्द कधी तपासलीच नव्हती. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. ती तपासणाऱ्या तज्ज्ञांचा निष्कर्ष असा, की मूळ कोड हाताशी नसल्यासारखी तयार फाइलीतच हाताने शिवण घातली आहे. रफूचे काम, पण सुबक. आणखी भोके निघाल्यावर जानेवारी 2018 मध्ये एडिटरच काढून टाकला.

त्यानंतर जुन्या प्रबंधांतली सूत्रे दिसत, पण उघडत नसत. माझे जुने विद्यार्थी, आता स्वतः गाइड झालेले, फोन करू लागले. पुढे वर्डने अशा सूत्रांना नव्या रूपात आणायची सोय दिली. रूपांतर झालेली फाइल माझ्याकडे आली की मी आधी मुळांची छपरे तपासते, मग अपूर्णांकांच्या रेघा. बाकीचे गाइडने बघावे.

आता वर्डच्या पट्टीवर युनिकोड (म्हणजे ती सरळ ओळीत टंकायची रीत) आणि लाटेक् अशी दोन बटणे शेजारी शेजारी आहेत. सूत्र कुठल्या रीतीने टंकणार तेवढे सांगायचे. पुतण्या गणितात पीएचडी करतो, तो लाटेक्चे दाबतो. मी दुसरे.