इनपुट घटना (संगणक)

कळफलकावरची कळ दाबणे किंवा सोडणे, माऊस हलवणे, त्याचे बटण दाबणे, पडद्यावर बोट टेकवणे, सरकवणे, उचलणे अशा वापरकर्त्याच्या प्रत्येक कृतीची नोंद संगणकप्रणाली चालू प्रोग्रामच्या हाती देते. या नोंदीला इनपुट घटना किंवा नुसते ‘इव्हेंट’ म्हणतात. कृतीचा प्रकार, ती कोणत्या कळीवर किंवा पडद्याच्या कोणत्या बिंदूवर झाली, त्या वेळी शिफ्ट-कंट्रोल दाबलेले होते का आणि नेमकी वेळ एवढा तपशील तीत साधारणपणे असतो. नोंद हाती आल्यावर काय करायचे हे प्रोग्रामचा जो भाग ठरवतो, त्याला हँडलर म्हणतात. कळ वेगळी आणि तिच्यातून उमटणारे अक्षर वेगळे, हा भेद केवळ इंग्रजीत काम करणाऱ्याला सहसा जाणवत नाही. देवनागरीत मात्र सगळे त्यावरच अवलंबून असते, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

कळीपासून अक्षरापर्यंत : कळा आडव्या-उभ्या वाहकांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि कळफलकातला नियंत्रक ही जाळी अखंड तपासत असतो. यांत्रिक कळ दाबताच तिचे धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एकच दाब अनेक दाबांसारखा भासतो. थरथर शमेपर्यंत थांबूनच नियंत्रक तो दाब पक्का धरतो. जाळीत डायोड नसतील तर विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्यावर न दाबलेली चौथीही दाबल्यासारखी दिसते. स्वस्त कळफलकांत हा दोष अजून आढळतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ‘ए’ लिहिलेली कळ दाबली की ३० हा क्रमांक येई आणि सोडली की त्यात १२८ मिळवून १५८. प्रत्येक दाबासरशी प्रोसेसरचे चालू काम क्षणभर थांबवले जाई आणि क्रमांक एका छोट्या रांगेत ठेवला जाई. रांगेत पंधराच दाब मावत. त्यापुढच्या दाबाला यंत्र ‘बीप’ करी आणि तो दाब वाया जाई. १९९६ मध्ये यूएसबी आल्यावर उलटी पद्धत रूढ झाली : संगणकच ठरावीक अंतराने कळफलकाकडे विचारणा करतो. यूएसबीच्या मूळ साध्या पद्धतीत उत्तर आठ बाइटांचे असते. पहिला बाइट शिफ्ट, कंट्रोल आदींसाठी, दुसरा राखीव आणि उरलेले सहा दाबलेल्या कळांसाठी. म्हणून या पद्धतीत एका वेळी सहाच साध्या कळा कळवता येतात. येथे त्याच ‘ए’ कळीचा क्रमांक ४ आहे. लिनक्सच्या गाभ्यात तो पुन्हा ३० होतो, विंडोजचा आभासी कळ-क्रमांक ६५ असतो आणि ब्राउझर ‘कीए’ असे स्थाननाव देतो.

यांपैकी एकाही टप्प्यावर अक्षर ठरलेले नसते. ते ठरते निवडलेल्या मांडणीवरून : अमेरिकी मांडणीत त्या कळीतून ए उमटतो, फ्रेंच मांडणीत क्यू, तर इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत ओकाराची मात्रा. विंडोजमध्ये म्हणूनच कळ दाबल्याचा संदेश आणि अक्षर आल्याचा संदेश असे दोन स्वतंत्र संदेश आहेत. ब्राउझरच्या कीबोर्ड घटनेतही ‘कोड’ म्हणजे कळीची जागा आणि ‘की’ म्हणजे तिच्यातून निघालेले चिन्ह, असे दोन गुणधर्म वेगळे ठेवलेले आहेत. जुना ‘कीकोड’ या दोहोंची सरमिसळ करतो. तो आता कालबाह्य ठरवलेला असला तरी चालू असलेल्या असंख्य प्रोग्रामांत टिकून आहे.

इतिहास : डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पहिला लाकडी माऊस तयार केला, ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीने त्याच वर्षी चेंडूवर फिरणारे तत्सम साधन बाजारात आणले होते. पहिल्या स्पर्शपटलाचा मान ब्रिटनमधील ई. ए. जॉन्सन (१९६५) यांना बहुधा दिला जातो. १९७० च्या दशकात जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतही असे पटल तयार झाले. खिडक्या आणि माऊस यांवर चालणारा झेरॉक्स पार्कचा आल्टो संगणक १९७३ चा, मॅकिंटॉश १९८४ चा आणि विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ ची.

घटना-चक्र : खिडक्यांची पद्धत येण्यापूर्वी प्रोग्राम स्वतः प्रश्न विचारी आणि उत्तराची वाट पाही. मॅकिंटॉश आणि विंडोज यांनी हे नाते फिरवले. वापरकर्ता केव्हा काय करील याचा नेम नसल्यामुळे प्रोग्राम एका चक्रात फिरत राहतो : रांगेतली पुढची घटना घ्यायची, ती ज्या खिडकीची असेल तिच्या हँडलरकडे सोपवायची, पुन्हा रांगेकडे यायचे. एखाद्या हँडलरने जास्त वेळ घेतला तर मागची सगळी रांग तुंबते आणि पडदा गोठल्यासारखा वाटतो. अँड्रॉइडमध्ये एखाद्या ॲपने स्पर्शाला किंवा कळीला पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. ही मुदत फार उदार आहे. एक दशांश सेकंदापुढचा विलंब माणसाला जाणवू लागतो.

वेबपानावर एकात एक घटक असतात, त्यामुळे क्लिक बटणाचे मानायचे की ते ज्या चौकटीत आहे तिचे, असा प्रश्न उभा राहिला. नेटस्केप ब्राउझरने घटना बाहेरून आत नेली, मायक्रोसॉफ्टने आतून बाहेर. नोव्हेंबर २००० मध्ये मान्य झालेल्या, वेबपानाच्या रचनेसाठीच्या ‘डॉम’ घटना-प्रमाणात दोन्ही मार्ग एकामागून एक ठेवण्यात आले : घटना आधी बाहेरून आत जाते, मग आतून बाहेर येते. हीच रचना आजही चालू आहे.

माऊस : हालचाल, बटण दाबणे, सोडणे आणि चाक फिरवणे या मूळ घटना; क्लिक, डबल-क्लिक आणि ओढणे या त्यांपासून बनवलेल्या. विंडोजमध्ये दोन क्लिकमध्ये ५०० मिलिसेकंदांपर्यंत अंतर असेल तर ते डबल-क्लिक धरले जाते. ही मर्यादा वापरकर्त्याला बदलता येते. हालचालीच्या नोंदी इतक्या वेगाने येतात की प्रणाली त्या एकत्र करून देते. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला मात्र मधले बिंदू लागतात, नाहीतर वक्ररेषा तुटक दिसते.

स्पर्श : माऊसचा बाण एकच असतो, बोटे अनेक. म्हणून प्रत्येक बोटाला टेकल्यापासून उचलेपर्यंत एक ओळख-क्रमांक दिला जातो. लिनक्समध्ये बोट उचलले की त्या जागी उणे एक लिहितात. बोट वर अधांतरी असताना सहसा काहीच कळत नाही; त्यामुळे बाण नुसता वर नेल्यावर उघडणारी यादी फोनवर निरुपयोगी ठरते. शिवाय स्पर्श मध्येच रद्दही होऊ शकतो. बोट बटणावर टेकले आणि लगेच पान सरकू लागले, तर बटणाला ‘रद्द’ अशी घटना मिळते. ती न हाताळल्यास बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहते. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की प्रत्येक नव्या प्रोग्रामरने तो मुद्दाम तपासून पाहावा.

२००७ च्या आयफोनमध्ये दोनदा टिचकी मारली की पान मोठे होई. पहिल्या टिचकीनंतर दुसरी येते का हे पाहण्यासाठी ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबे आणि प्रत्येक क्लिक तेवढा उशिरा पोचे. अँड्रॉइडवरील क्रोमने २०१४ मध्ये, पडद्याच्या रुंदीनुसार बेतलेल्या पानांपुरती, ही वाट पाहणे बंद केले. सरकवण्याचीही अशीच अडचण होती : हँडलर सरकणे रोखील की नाही हे तो संपेपर्यंत ब्राउझरला कळत नाही. ‘मी रोखणार नाही’ असे आधीच सांगण्याची सोय २०१६ मध्ये क्रोममध्ये आली.

स्पर्श घटनांचे वेब-प्रमाण ऑक्टोबर २०१३ चे आहे. माऊस, बोट आणि लेखणी यांना एकाच छत्राखाली घेणाऱ्या, मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या ‘पॉइंटर’ घटनांना फेब्रुवारी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. सफारीत त्या २०१९ मध्ये आल्या. नव्या कामासाठी पॉइंटर घटनाच वापराव्यात.

लेखणी : दाब आणि कल यांची मापे पॉइंटर घटनेतच मिळतात.

देवनागरी लेखन : मराठी मजकूर संगणकात तीन प्रमुख रीतींनी येतो आणि कळ व अक्षर यांचे नाते प्रत्येक रीतीत वेगळे असते.

इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि ‘आयएस १३१९४ : १९९१’ या मानकात तिचा समावेश झाला. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला आहेत. शिफ्ट व ७ एकत्र दाबले की क्ष उमटतो : दाब एक, पण युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे. एका दाबाला एकच चिन्ह धरून चालणारा प्रोग्राम येथेच चुकतो.

त्याहून मोठी अडचण विरामचिन्हांच्या कळांची आहे. देवनागरीला सव्वीस कळा पुरत नाहीत, म्हणून च अर्धविरामाच्या कळीवर, ट एकेरी अवतरणाच्या, ड चौकोनी कंसाच्या आणि य तिरप्या रेघेच्या कळीवर बसवले आहेत. नावाच्या रकान्यात ‘फक्त अक्षरे चालतील’ अशी तपासणी कीकोड ६५ ते ९० या मर्यादेने केली, तर ‘यशवंत’मधला य आणि ‘चंद्रकांत’मधला च रकान्यात येतच नाहीत. अनेक संकेतस्थळांवर तिरपी रेघ दाबली की शोधपेटी उघडते. ही सोय कळीच्या जागेवरून ओळखली जात असेल आणि लेखनाच्या रकान्यात ती बंद केलेली नसेल, तर मराठी लिहिणाऱ्याचा प्रत्येक य त्याला शोधपेटीत नेऊन टाकतो. उलट, विंडोजमध्ये आभासी क्रमांक लॅटिनच राहत असल्यामुळे कंट्रोल-सी ही जोडी देवनागरी मांडणीतही चालते.

दुसरी रीत रेमिंग्टनची. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या पिढीच्या बोटांत तीच बसलेली आहे. यंत्रावर जे डावीकडे दिसते ते आधी छापायचे, म्हणून ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि क नंतर दाबतात. युनिकोडमध्ये क आधी साठवावा लागतो. त्यामुळे कळ आणि मजकूर यांमधल्या मध्यस्थ सॉफ्टवेअरला वेलांटीचा दाब राखून ठेवावा लागतो आणि व्यंजन आल्यावर त्याच्यामागे तो लावावा लागतो. वेलांटीनंतर जोडाक्षर येणार असेल तर ते पूर्ण होईपर्यंत तिला पुढे सरकवत न्यावे लागते. ण, श यांसारखी काही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन कळांनी बनतात. पहिल्या दाबाने ण व हलन्त अशी दोन चिन्हे येतात. दुसऱ्या दाबाने काना न लागता हलन्त निघून जातो. कळ दाबल्यावर मजकूर एका चिन्हाने कमी होतो, हे केवळ कळा मोजणाऱ्या प्रोग्रामच्या कल्पनेतही नसते.

तिसरी रीत उच्चारानुसारी, म्हणजे रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याची. फोनवर ती विशेष प्रचलित आहे. येथे शब्द पक्का होईपर्यंत तो अधोरेखित, कच्च्या अवस्थेत राहतो. या अवस्थेची सुरुवात, बदल आणि शेवट कळवणाऱ्या ‘कॉम्पोझिशन’ घटना स्वतंत्र आहेत. ती चालू असताना कळ दाबल्याची घटनाही येते, पण तिचा कीकोड २२९ असतो, म्हणजे ‘ही कळ मध्यस्थाने घेतली आहे’. सुचवलेल्या शब्दांपैकी एक निवडण्यासाठी एंटर दाबला आणि प्रोग्रामने त्यालाच ‘पाठवा’ समजले, तर अर्धवट निरोप निघून जातो. कच्ची अवस्था चालू आहे का, हे पाहूनच एंटरला प्रतिसाद द्यावा. सफारीत अवस्था संपल्याची घटना एंटरच्या आधी येते, म्हणून तेथे २२९ सुद्धा तपासावा लागतो. अँड्रॉइडच्या पडद्यावरील कळफलकाकडून अक्षरागणिक भरवशाची कळ-घटना मिळत नाही, थेट मजकूरच येतो.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मजकुरासाठी कळ-घटना ऐकूच नयेत. मजकूर बदलण्यापूर्वीची ‘बिफोरइनपुट’ आणि बदलल्यानंतरची ‘इनपुट’ या घटना ऐकाव्यात. पहिली फायरफॉक्समध्ये २०२१ पासून उपलब्ध आहे, म्हणजे आता सर्व प्रमुख ब्राउझरांत ती आहे. कळ-घटना शॉर्टकट आणि खेळ यांपुरत्या ठेवाव्यात.

खोडण्याचाही संकेत वेगळा आहे. ‘क्षि’च्या पुढे बॅकस्पेस दाबल्यास साधारणपणे फक्त वेलांटी जाते; कर्सर ‘क्षि’च्या आधी ठेवून डिलीट दाबल्यास संपूर्ण अक्षर जाते. ‘दऱ्या’मधला ऱ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट व जे यांवर आहे. बॅकस्पेस स्वतःच्या हिशेबाने हाताळणाऱ्या संपादकांत ‘क्षितिज’, ‘दऱ्या’ अशा शब्दांची मोडतोड होते.

सुगम्यता : माऊसने होणारे प्रत्येक काम कळफलकानेही झाले पाहिजे, ही वेब सुगम्यता मार्गदर्शिकेची जुनी अट आहे. २०१८ च्या आवृत्तीत आणखी एक अट आली : कृती बोट टेकताना नव्हे, उचलताना व्हावी, म्हणजे चुकून टेकलेले बोट बाजूला नेऊन ती टाळता येते. खरे बटण वापरल्यास एंटर आणि स्पेस यांवर क्लिक आपोआप मिळतो; बटणासारख्या रंगवलेल्या चौकटीला तो मिळत नाही.

सुरक्षा : लिनक्सवरील जुन्या एक्स विंडो पद्धतीत एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा ऐकता येतात, तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये तसे करता येत नाही.

चाचणी : मराठी वापरासाठी प्रोग्राम तयार करणाऱ्यांनी प्रत्येक लेखन-रकाना इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन आणि फोनवरचा उच्चारानुसारी कळफलक अशा तिन्ही रीतींनी तपासावा. ‘यशवंत’, ‘चंद्रकांत’, ‘क्षितिज’ आणि ‘दऱ्या’ हे चार शब्द लिहून, मधले अक्षर खोडून पुन्हा लिहून पाहिले, तर वर सांगितलेले बहुतेक दोष पहिल्याच चाचणीत सापडतात.