परतीची वाट चुकलेलं रक्त

इब्न अल-नफीसचं नाव निघालं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'हार्वेच्या आधी आमच्या हकीमाने रक्ताभिसरण शोधलं.' हे अर्धंच खरं आहे. कैरोतल्या या हकीमाने १२४२ मध्ये इब्न सीनाच्या 'कानून'मधील शरीररचनेवर भाष्य लिहिलं, त्यात फक्त फुप्फुसांतून होणारा प्रवास आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून रक्त झिरपतं, हे गॅलेनचं मत त्याने नाकारलं. पडद्याला छिद्र नाही. रक्त फुप्फुसांत जातं, हवेशी मिसळतं आणि तिथल्या शिरांनी डाव्या बाजूला परततं.

काही बाळांत परतीची ही वाटच जन्मतः चुकलेली असते. फुप्फुसांच्या चारही शिरा डावीकडे न जाता उजव्या बाजूला मिळतात. बाळ निळं पडतं. जगतं ते वरच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र असतं म्हणून! शिरांची वाट कुठे दबलेली असेल, तर हाती काही तासच उरतात. लंडनच्या जेम्स विल्सनने १७९८ मध्ये असं हृदय वर्णिलं, तेही मेलेल्या बाळाचं.

दुरुस्ती व्हायला दीडशे वर्षं लागली. १९५१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विल्यम मुलरने हृदय न उघडता शिरा डाव्या कप्प्याला जोडल्या. काम अपुरं होतं. १९५६ मध्ये मिनेसोटात लुईस आणि व्हार्को यांनी शरीर थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटं थांबवून पूर्ण दुरुस्ती केली. त्याच सुमारास कर्कलिनने हार्ट-लंग मशीन वापरलं. पण ते मशीन तान्ह्या जिवाला झेपत नसे. पुढे न्यूझीलंडच्या बॅरेट-बॉइसने क्योटोच्या डॉक्टरांची पद्धत उचलली : बाळाला बर्फाने गार करायचं, रक्ताभिसरण पूर्ण थांबवायचं आणि त्या निश्चल, रक्तहीन हृदयात टाके घालायचे. साधारण तासाभरात काम उरकून बाळाला पुन्हा ऊब द्यायची. आईबापांना हे कसं समजावून सांगत असतील, कोण जाणे.

या सर्जनांपैकी कुणाला इब्न अल-नफीसची गरज पडली नाही. ते हार्वेच्या परंपरेत शिकले होते. आपल्या माणसाचं भाष्य शतकानुशतकं हस्तलिखितांत पडून होतं. १९२४ मध्ये अल-ततावी नावाच्या इजिप्शियन डॉक्टरने ते वाचून जगापुढे आणलं. त्याला ती प्रत बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली.