अर्धा फेरा

मामाच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या मागे एक जीप उभी असते. आरसी बुकात तिचं साल १९४४ लिहिलंय आणि घरात सगळे तिला ‘युद्धातली गाडी’ म्हणतात. आजोबांनी ती साठच्या दशकात एका कंत्राटदाराकडून घेतली होती. गेल्या दिवाळीत पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. जुन्या लष्करी गाड्या जमवणारा माणूस. त्याने भाव चांगला सांगितला, पण गाडी खरंच युद्धातली आहे हे दाखवा, अशी अट घातली.

मामाने मला फोन केला. “तू इंजिनिअर ना? मग येऊन बघ आणि सांग.”

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या हाताला ग्रीस क्वचितच लागतं. पण दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या कोडमध्ये कुठली ओळ कुणी, कधी आणि का घातली हे शोधणं माझं रोजचं काम आहे. जीपकडे मी तसंच बघायचं ठरवलं.

मामाचा पुरावा तयार होता. त्याने समोरच्या जाळीवर बोट ठेवून फटी मोजून दाखवल्या. “नऊ. युद्धातल्या जीपला नऊ फटी, नंतरच्या जीपला सात. खरं की नाही?” खरंच आहे ते. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या लष्करी जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी होत्या. युद्ध संपल्यावर आलेल्या नागरी सीजे-२ए जीपला सात. पण जाळी बोल्टांवर बसते, ती अर्ध्या तासात बदलता येते. मडगार्ड, बॉनेट, रंग, नंबरप्लेट, सगळं बदलता येतं. एक्सल मात्र मिरवण्यासाठी कुणी बदलत नाही. तो तुटला, आवाज करायला लागला किंवा स्वस्तात दुसरा मिळाला, तरच बदलतात. त्यामुळे गाडीने काय सोसलंय ते एक्सलवर जास्त खरेपणाने उरतं. मी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो.

त्या एक्सलची गोष्ट १९४० मध्ये सुरू होते. त्या वर्षी अमेरिकी सैन्याने सव्वाशेहून जास्त कंपन्यांकडे हलक्या फोर-व्हील गाडीची मागणी पाठवली. ४९ दिवसांत नमुना तयार करायचा होता. बॅण्टम ही छोटी कंपनी ते करू शकली आणि २३ सप्टेंबर १९४० ला तिची गाडी कॅम्प होलाबर्डला पोचली. इतक्या कमी दिवसांत नवा एक्सल कोण बनवणार? टोलेडोच्या स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीसाठी बनणाऱ्या एक्सलमध्ये फेरफार करून तो दिला. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लष्करी गाडीचा कणा सुरुवातीला एका घरगुती मोटारीच्या एक्सलवरून बेतलेला होता.

पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांच्या पुढच्या एक्सलचं नाव स्पायसर २५, मागच्याचं स्पायसर २३-२. स्पायसर कंपनीचं नाव १९४६ मध्ये डाना झालं, म्हणून आज लोक त्यांना डाना २५, डाना २३ असंही म्हणतात.

एक्सलचा तुटवडा ही त्या युद्धातली मोठी डोकेदुखी होती. फोर-व्हील गाडीचं पुढचं चाक वळतंही आणि ओढतंही. वळलेल्या चाकाला एकसारख्या गतीने फिरवणारा सांधा लागतो, आणि त्यातल्या गोळ्यांच्या खाचा फार अचूक घासाव्या लागतात. ते काम कुठल्याही कारखान्यात होण्यासारखं नव्हतं. म्हणून जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये चार वेगवेगळ्या घडणींचे सांधे वापरले गेले: बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर. बाहेरून गाडी एकच, आत जो सांधा मिळेल तो.

ट्रकांचीही हीच गत होती. जीएमसीचा सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी ट्रक पाच लाखांहून जास्त संख्येने बनला. त्याला एकटी टिमकेन कंपनी एक्सल पुरवू शकेना, तेव्हा जनरल मोटर्सने स्वतःचा एक्सलही बसवायला सुरुवात केली. टिमकेनचं हौसिंग मधोमध दोन भागांत विभागलेलं आणि बोल्टांनी जोडलेलं असतं, त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. दुसऱ्याचं हौसिंग बॅन्जो वाद्यासारखं गोल आणि अखंड, म्हणून तो ‘बॅन्जो’. सुटे भाग मागवताना मेकॅनिकला आधी खाली वाकून बघावं लागे, आपल्या ट्रकला कुठला आहे. एकाचा क्राउन-पिनियन दुसऱ्यात बसत नाही.

मामाच्या जीपखाली मीही तेच बघत होतो. पहिली खूण मागच्या चाकावर होती आणि ती बघायला खाली शिरायचीही गरज नव्हती.

युद्धातल्या जीपचा मागचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ असतो. गाडीचं वजन हबमधल्या बेअरिंगवर, म्हणजे हौसिंगवर पेललं जातं. आतला शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. बाहेरून बघितलं तर हबच्या तोंडावर सहा बोल्टांचं कडं दिसतं. युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली आणि खर्च कमी केला. मागे ‘सेमी फ्लोटिंग’ एक्सल आला, ज्यात वजनही शाफ्टच पेलतो आणि फिरवतोही तोच. त्या हबच्या बरोबर मधोमध एकच मोठा नट आणि त्यात कॉटर पिन असते.

पण कारखान्याने हा बदल एका रात्रीत केला नाही, आणि अभ्यासकांना इथेच गंमत वाटते. सीजे-२ए चं उत्पादन जुलै १९४५ मध्ये सुरू झालं, तेव्हा जपानने शरणागती पत्करली नव्हती. लष्करासाठीचे एक्सल बनतच होते. त्यामुळे पहिल्या साधारण तेरा हजार नागरी जीपांना मागे तोच फुल फ्लोटिंग एक्सल मिळाला. त्यांच्या पत्र्यावर फावडं-कुऱ्हाड अडकवण्यासाठी लष्करी गाडीसारखे खोलगट ठसेही होते. शेतकऱ्याच्या गाडीखाली सैनिकाचा एक्सल. आज कारखान्यातून तसाच आलेला एक्सल दुर्मिळ आहे, आणि जाणकार तो बघायला आवर्जून वाकतात.

मामाच्या जीपच्या मागच्या हबवर सहा बोल्टांचं कडं नव्हतं. एकच नट होता, मधोमध. मागच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगने बुजवलेल्या बिजागऱ्यांच्या खुणाही होत्या. युद्धातल्या जीपला मागचं फळकं नव्हतंच, ते नागरी जीपला आलं. मी मामाला काही बोललो नाही.

आता दुसरी खूण: दातांची संख्या. लष्करी जीपच्या क्राउनला ३९ दात, पिनियनला ८. गुणोत्तर ४.८८. नागरी जीप नांगर ओढणार, शेतात हळू पण जोरात चालणार, म्हणून तिला ४३ आणि ८. गुणोत्तर ५.३८. कारखान्यात कव्हरच्या बोल्टखाली या आकड्यांची छोटी पत्र्याची पट्टी लावत. ऐंशी वर्षांत ती टिकत नाही. पण कव्हर न उघडताही मोजता येतं. एक चाक जमिनीवर ठेवायचं, दुसरं जॅकवर उचलायचं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. एक चाक थांबलेलं असताना डिफरेन्शियल गती निम्मी करतो, म्हणून दोन फेरे. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरेल, ते गुणोत्तर.

मामेभाऊ चाक फिरवत होता, मी रेघ मोजत होतो. मागे: पाच फेरे आणि साधारण तीन अष्टमांश. नागरी. ठरल्याप्रमाणे.

पुढे: चार फेरे, आणि रेघ पाचव्या फेऱ्याच्या जरा अलीकडे थांबली. परत मोजलं. तेच. ३९ आणि ८.

अर्ध्या फेऱ्याचा फरक. पुढचा एक्सल, निदान त्यातले क्राउन-पिनियन तरी, युद्धातल्या जीपचे होते.

मी खालूनच विचारलं, “मामा, हिची फोर-व्हील चालते का?”

“फोर-व्हीलचा दांडा आजोबांनी तारेने बांधून ठेवलाय. टाकली की गाडी धक्के खाते, दांडा परत निघत नाही. फक्त चिखलात अडकली तर तार सोडायची, असं सांगायचे.”

ते ऐकून सगळं जुळलं. फोर-व्हील टाकली की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. मग ४.८८ वालं पुढचं चाक ५.३८ वाल्या मागच्या चाकापेक्षा दहा टक्के जोरात पळायला बघतं. मागची चाकं शंभर मीटर जातात तेवढ्यात पुढच्यांना एकशे दहा जायचं असतं. चिखलात चाक घसरून हिशोब मिटवतं. कोरड्या रस्त्यावर तो ताण ट्रान्सफर केसच्या गिअरवर आणि सांध्यांवर येतो. तशीही या जीपची फोर-व्हील डांबरी रस्त्यावर वापरायची नसते, पण हिची कडक मातीवर सरळ जातानाही वापरण्यासारखी नव्हती. आजोबांना गुणोत्तर माहीत नव्हतं, तरी उपाय त्यांनी बरोबर शोधला होता.

हे झालं कसं असेल? युद्धानंतर लष्कराच्या गाड्या आणि सुटे भाग डिस्पोजलमध्ये विकले गेले. मुंबईत महिंद्र बंधूंची कंपनी विलीजच्या नव्या जीप जोडू लागली होती. रस्त्यावर दोन्ही वंशांच्या जीप होत्या. बाहेरून पुढचे एक्सल सारखेच दिसतात, जागेवर चपखल बसतात. कधीतरी कुण्या मिस्त्रीने मोडलेला एक्सल काढला आणि मिळाला तो बसवला. बिल नाही, नोंद नाही. आरसीतलं १९४४ कुणी कशावरून लिहिलं, तेही सांगायला आता कुणी नाही. उरलाय फक्त अर्धा फेरा.

मी हात पुसत मामाला सगळं सांगितलं. धड आणि मागचा एक्सल युद्धानंतरचा. पुढचा युद्धातला. जाळी कुठून आली, देव जाणे.

मामा बराच वेळ हबमधल्या त्या नटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे बाबा अगदीच खोटं सांगत नव्हते.”

“अर्धं खरं होतं.”

संध्याकाळी त्यानेच पुण्याला फोन लावला आणि जे सापडलं ते सांगितलं. पलीकडचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मामा म्हणाला, विचार करून कळवतो. त्याने अजून कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आम्ही पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या. खिळ्याने ठोकून एकीवर ४३-८ उमटवलं, दुसरीवर ३९-८. पट्ट्या दोन्ही कव्हरच्या बोल्टखाली, कारखाना लावायचा तशाच लावल्या. गाडी मामाकडे राहो की दुसऱ्याच्या घरी जावो, पुढच्या माणसाने दांड्याची तार सोडण्याआधी खाली वाकून एकदा बघावं, एवढ्यासाठी.