वीज, यंत्र आणि वाडीवरची शाळा

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूस डोंगरमाथ्यावर अडविलेले पाणी नळांवाटे सुमारे सतराशे फूट खाली यावयाचे, चक्रे फिरवावयाचे आणि त्यांतून उत्पन्न झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जावयाची. खालापूर तालुक्याच्या डोक्यावरून हे सामर्थ्य गेले खरे. पण त्याच डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांत दिवा लागण्यास पुढे कित्येक दशके लोटावी लागली. नवे साधन एखाद्या प्रदेशात येणे आणि ते त्या प्रदेशाचे होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हा धडा कर्जत-खालापूरच्या रहिवाशांस असा शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. प्राथमिक शाळांत संगणक व यंत्रमानव आणण्याचा जो उत्साह आज सर्वत्र दिसतो, त्याकडे पाहताना या धड्याचे स्मरण ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत १९६७ साली सीमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा रचली. पुढे त्या भाषेतील आज्ञांनी जमिनीवर चालणारे एक लहानसे यंत्रही तयार झाले. त्यास ‘कासव’ म्हणत. ‘शंभर पावले पुढे जा, काटकोनात उजवीकडे वळ,’ असे मुलाने चार वेळा सांगितले की कासव चौकोन काढी. आज्ञा चुकली की चौकोन बिघडे, आणि चूक कोठे झाली हे मूल आपले आपणच हुडकून काढी. यंत्राने मुलास शिकवावयाचे नसून मुलाने यंत्रास शिकवावयाचे, हे पॅपर्ट यांच्या विचाराचे मर्म होय.

या विचाराचा आधार घेऊन निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना जगापुढे मांडली. किंमत शंभर डॉलर, रंग हिरवा-पांढरा, आणि पडदा भर उन्हातही वाचता येईल असा! प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट पडली, ती गोष्ट वेगळी. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ साली या योजनेस नकार दिला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांचीच निकड अधिक आहे, असे त्याचे म्हणणे होते. तथापि पुढच्याच वर्षी, २००७ साली, या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला, तो आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात-धनगरवाडा येथील शाळेत. शाळा एकशिक्षकी, मुले जेमतेम वीस-बावीस. ज्यांच्या घरी पुस्तकही विरळाच, त्या मुलांच्या हाती एकाएकी लिहिण्याचे, चित्रे काढण्याचे व छायाचित्रे टिपण्याचे साधन आले.

त्यांस झालेला आनंद खोटा म्हणण्याचे कारण नाही. परंतु आनंद म्हणजे शिक्षण नव्हे. याच योजनेखाली पेरू देशाने लक्षावधी लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा भाषा व गणित या विषयांत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्र वर्गात आले होते. शिकविण्याची रीत मात्र होती तशीच राहिली होती.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापण्याची युक्ती योजिली. संकेतावर फोन धरला की त्या धड्याचे ध्वनी व चित्र मुलापुढे उभे राही. राज्याने ती पद्धत उचलली, आणि २०२० साली डिसले यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे साधन अगदी साधे होते. ते कशासाठी हवे हे ठाऊक असलेला शिक्षक आधी होता, साधन मागाहून आले.

आता पुन्हा आपल्या डोंगरांकडे वळू. दिवाळी सरली की कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि त्यांच्यामागोमाग मुलेही जातात. वर्गात आलेल्या यंत्रासमोरची जागा मग रिकामी राहते. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या व धडे फोनवरून येऊ लागले, तेव्हा घरात एकच फोन, तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, अशी गरिबाघरची स्थिती होती. यंत्र मोडले तर ते दुरुस्त कोणी करावयाचे, आणि ते वापरण्याची हातोटी असलेला शिक्षक बदलून गेला तर मागे काय उरावयाचे, हे प्रश्न यंत्र विकत घेतानाच विचारले पाहिजेत.

यंत्रास विरोध करण्याचा येथे हेतू नाही. पॅपर्ट यांचे कासव एखाद्या ठाकूरवाडीच्या अंगणात चालावे आणि वाडीतल्या मुलीने त्यास आज्ञा द्यावी, यासारखी दुसरी इष्ट गोष्ट कोणती? पण त्यासाठी ती मुलगी वर्षभर शाळेत असली पाहिजे आणि तिच्याजवळ बसून तिची चूक तिलाच शोधू देणारा गुरुजी असला पाहिजे. एवढी तजवीज न करता आणलेली यंत्रे खोपोलीच्या विजेप्रमाणेच वाडीच्या डोक्यावरून निघून जातील.