टोपरं घातलेली निब: ऑफिसात न दिसणाऱ्या शाईपेनाची गोष्ट

आजच्या भागात एका अशा पेनाबद्दल बोलूया, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि हेच त्याचं मोठं कौतुक आहे.

तुमच्या ऑफिसात शाईपेन वापरणारा एखादा माणूस असेल. माझ्या ऑफिसात तो मी आहे. मीटिंगमध्ये जाडजूड पेन काढा, टोपण फिरवून फिरवून उघडा, सोनेरी निब चमकू द्या, की शेजारून हमखास आवाज येतो, "वा, साहेब!" पुढची पाच मिनिटं विषय पेनाचा. काहींना हे आवडतं. पण ज्याला नुसतं लिहायचंय, आणि त्यातही जो नोकरीत नवा आहे, त्याला हे नको असतं. बॉसच्या समोर बॉसपेक्षा भारी दिसणारं पेन कोण काढणार?

अशांसाठी एक पेन आहे. त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते. पुढे फक्त इवलंसं टोक दिसतं. लांबून बघितलं तर बॉलपेनच वाटावं. याला हुडेड निब म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर टोपरं घातलेली निब. गंमत अशी की हे टोपरं लपण्यासाठी घातलेलंच नव्हतं. ते आलं शाईमुळे.

जरा मागे जाऊ. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमनने शाईचा प्रवाह नीट ठेवणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं आणि दौतीत बुडवून लिहिण्याचा काळ हळूहळू मागे पडला. पण एक कटकट राहिली. शाई वाळायला वेळ लागायचा. म्हणून प्रत्येक टेबलावर टिपकागद असायचा. सही केली, टिपकागद दाबला, मग कागद पुढे सरकवला. दिवसाला शंभर कागद हातावेगळे करणाऱ्या कारकुनाला विचारा, यात किती वेळ जात असेल!

विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल गावात पार्कर कंपनी होती. तिने यावर उपाय शोधला, कागदावर पडताच वाळणारी शाई. पण जी शाई कागदावर पटकन वाळते, ती उघड्या निबवरही पटकन वाळणार ना? बोलता बोलता पेन दोन मिनिटं हातात धरलं की निब कोरडी. मग त्यांनी निबच झाकून टाकली. नळीसारखी छोटी निब, तिच्यावर कवच, आणि आत बारीक पाकळ्यांचा एक भाग, जो जास्तीची शाई धरून ठेवतो. ही शाई इतकी तीव्र होती की साध्या पेनांची वाट लावायची. म्हणून पेनाचं अंग ल्युसाइट नावाच्या टिकाऊ प्लास्टिकचं केलं. टोपणाला आटे ठेवले नाहीत, ते नुसतं सरकवून बसवायचं. म्हणजे उघडताना फिरवाफिरवी नाही.

हेच पार्कर ५१. कंपनी १८८८ मध्ये सुरू झाली, पेनावरचं काम तिच्या एक्कावन्नाव्या वर्षी म्हणजे १९३९ मध्ये पुरं झालं, म्हणून नाव '५१'. अमेरिकेत ते बाजारात आलं १९४१ मध्ये. किंमत साडेबारा डॉलरपासून पुढे. म्हणजे दिसायला साधं, पण खिशाला अजिबात साधं नव्हतं! ७ मे १९४५ ला फ्रान्समधल्या रँस इथे जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या, तेव्हा जनरल आयझेनहॉवर यांची पार्कर ५१ पेनं तिथे होती.

आणि त्याच वर्षी खरा धक्का बसला. २९ ऑक्टोबर १९४५ ला न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन विक्रीला आलं. किंमत किती असेल? साडेबारा डॉलर! लोकांनी तरीही रांगा लावल्या. सुरुवातीची ती बॉलपेनं गळायची, अडायची. पण बॉलपेन सुधारत गेलं आणि स्वस्त होत गेलं. बघता बघता ऑफिसातलं 'नेहमीचं' पेन बदललं, आणि शाईपेन काढणारा माणूस वेगळा दिसायला लागला. म्हणजे बघा, ज्या टोपऱ्याचा जन्म शाई वाळू नये म्हणून झाला, त्याला आता दुसरंच काम मिळालं: शाईपेनवाल्याला चारचौघांत मिसळू देणं.

पण साडेबारा डॉलरच्या पेनाने सामान्य कारकून कसा मिसळणार? इथे चीन येतो. शांघायमध्ये १९३१ साली सुरू झालेल्या एका कारखान्याने पुढे 'हिरो' नावाने पेनं बनवली. १९५८ च्या सुमारास 'हिरोने पार्करला गाठायचं' अशी मोहीमच तिथे चालली. त्यातून हिरो १०० आलं, पार्कर ५१ च्या वळणाचं. नंतर त्याहून स्वस्त हिरो ६१६ आलं. तीच झाकलेली निब, तेच सरकणारं टोपण.

ही हिरो पेनं आपल्याकडेही आली. घरी आई-बाबांना, आजोबांना विचारून बघा. 'हिरोचं पेन' म्हटलं की चेहरा खुलतो की नाही ते पाहा. दहावीच्या परीक्षेपासून सरकारी कचेरीपर्यंत ते चाललं. श्रीमंताची वस्तू नक्कल होत होत शर्टाच्या साध्या खिशात पोचली आणि तिथे खऱ्या अर्थाने अदृश्य झाली. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. वस्तू नुसती लहान किंवा काळी केल्याने लपत नाही. ती सगळ्यांकडे असली की लपते.

आपल्या कचेऱ्यांत तर पेनाइतकीच शाई बोलते. केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेनुसार फाइलवरची टिप्पणी निळ्या किंवा काळ्या शाईत लिहायची. हिरवी किंवा लाल शाई सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी, तीही क्वचित. त्यामुळे हौसेने हिरवी शाई भरलेला नवा कर्मचारी नकळत पायरी ओलांडतो. पेन कितीही लपवा, शाईचा रंग ओरडून सांगतो!

पुढे लपण्याचे आणखी रस्ते निघाले. १९६३ मध्ये जपानच्या पायलट कंपनीने कॅपलेस आणलं. याला टोपणच नाही, निब आत-बाहेर होते. खिशाची क्लिप निबच्या बाजूला असते, म्हणून खिशात निब वरच राहते. १९६६ मध्ये जर्मनीचं लामी २००० आलं. गेर्ड म्युलर यांचं डिझाइन, काळं, चकाकी नसलेलं, निब अर्धी झाकलेली. ही दोन्ही पेनं आजही मिळतात, पण स्वस्त नाहीत.

तुम्हाला ऑफिसात सुरुवात करायची असेल तर एवढं लक्षात ठेवा. झाकलेल्या निबचं साधं पेन घ्या. निब बारीक घ्या, कारण झेरॉक्सच्या कागदावर जाड निबची शाई फुटते. शाई निळी किंवा काळी. विमानात नेताना टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी असेल तर आतली हवा फुगून शाई बाहेर ढकलते आणि शर्ट सगळ्यांना दिसतो.

कुणी म्हणेल, लपवायचंच असेल तर शाईपेन वापरायचं कशाला? माझं उत्तर सोपं आहे. हात कमी दुखतो, जोर द्यावा लागत नाही आणि अक्षर आपलं राहतं. दिवसभर ऑफिसात बहुतेक गोष्टी दुसऱ्यांना दिसाव्यात म्हणून करतो आपण. एखादी फक्त स्वतःसाठी असायला काय हरकत आहे?

तुमच्या घरच्या ड्रॉवरमध्ये जुनं हिरो पडलं असेल तर काढा, कोमट पाण्याने धुवा आणि लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!