मारहाण : फौजदारी वर्गीकरण
अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनच्या पोलीस ठाण्यात मारहाणीची तक्रार गेली की कलम मुख्यतः जखम आणि हत्यार पाहून ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत (कलम ११५) अदखलपात्र आहे, तिला एक वर्षापर्यंत कैद. हाड वा दात मोडल्यास ती गंभीर दुखापत (कलम ११७) ठरते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कोयता चालवला तर साधी दुखापतही कलम ११८ खाली दखलपात्र होते. जखमेवरून दोष मोजणे अन्यायाचे, असा आक्षेप घेतला जातो. पण गंभीर दुखापतीत हेतू वा परिणामाची जाणीवही सिद्ध करावी लागते. खरी उणीव वेगळी आहे: अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना करू शकत नाहीत, आणि दुबळा फिर्यादी तिथेच अडतो. गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र हे बऱ्याच अंशी जखमेवरून ठरते, म्हणून जखमीने वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.